मनातले मांडे आणि मनातलं सुतक

निशिगंधा

‘नार्सिसिस्ट’ हे लेबल हल्ली कुणालाही चिकटवलं जातं. सासू नार्सिसिस्ट, बॉस नार्सिसिस्ट, सोडून गेलेला मित्र तर नक्कीच. त्या वादात मला शिरायचं नाही. ज्यांना खरोखरच हा आत्मप्रीतीचा (नार्सिसिस्टिक) व्यक्तिमत्त्व विकार आहे, त्यांच्या दिवास्वप्नांबद्दल मला बोलायचंय. क्लिनिकल सायकॉलॉजी शिकत होते तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घोळतोय. आपण त्यातली अर्धीच बाजू बघतो, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथात हा विकार १९८० साली, तिसऱ्या आवृत्तीत आला. तेव्हापासून एक निकष जवळपास तसाच आहे: अमर्याद यश, सत्ता, बुद्धीचं तेज, सौंदर्य किंवा आदर्श प्रेम यांच्या कल्पनांत गढून जाणं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ निकष आहेत, त्यांतले पाच जुळले तर निदान होतं, आणि हा त्यांतला दुसरा. म्हणजे झगमगीत कल्पना. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय, ज्यांनी हिणवलं ते मागच्या रांगेत बसलेत, मी माइक हातात घेतोय. याला आपल्याकडे मनातले मांडे म्हणतात.

पण त्याच डोक्यात दुसरंही एक चित्र चालू असतं. मीटिंगमध्ये चारचौघांसमोर कुणी चूक दाखवली, बढतीच्या यादीत नाव आलं नाही, की रात्रीपर्यंत ते सुरू होतं. मी गेलोय. दारात चपलांचा ढीग. साहेब कोपऱ्यात मान खाली घालून उभे. बायको कुणाला तरी सांगतेय, ‘आम्हाला हा माणूस कळलाच नाही हो.’ कधी मरण नसतं, दैना असते. मी फुटपाथवर आहे, दाढी वाढलीय, शाळेतला जुना जोडीदार गाडीतून जाताना ओळखतो आणि त्याला भरून येतं. कधी असा दुर्मीळ आजार, की डॉक्टरसुद्धा हतबल.

हे मनातलं सुतक निकषांत कुठेही नाही. ते सरळ डिप्रेशनच्या खात्यात जमा होतं.

माझं म्हणणं असं, की हे सुतक आणि ते मांडे एकाच चुलीवरचे आहेत. दोन्हींत मी मधोमध आणि बाकीचे बघे. दोन्हींत मी चारचौघांसारखा नाही, एकदा सगळ्यांच्या वर आणि एकदा सगळ्यांहून दुर्दैवी. आणि दोन्हींत साधा मंगळवार कधीच नसतो. लाइटबिल, अर्धवट राहिलेलं काम, ठीकठाक झालेलं प्रेझेंटेशन, ‘बरं होतं’ एवढंच म्हणून निघून गेलेला सहकारी, यांतलं काही त्यात येत नाही. हा विकार असलेल्या माणसाला सामान्य असणं अपयशाहून जास्त झोंबतं. अपयशाची निदान गोष्ट करता येते.

फ्रॉइडने १९१४ साली आत्मप्रीतीवर निबंध लिहिला. त्याहून मला १९१७ चा त्याचा शोक आणि विषण्णता यांवरचा निबंध इथे कामाचा वाटतो. त्यात तो म्हणतो, विषण्ण रुग्ण स्वतःला नालायक, क्षुद्र म्हणतो खरा, पण खराखुरा पश्चात्ताप झालेला माणूस लोकांसमोर जसा लाजेने चूर होतो तसा तो होत नाही. तो ते पुन्हा पुन्हा, भेटेल त्याला सांगत राहतो. आणि नीट कान दिला तर त्या तक्रारी त्याच्यावर बसतच नाहीत, त्याच्या जवळच्या दुसऱ्याच कुणावर तंतोतंत बसतात. आता ते अंत्ययात्रेचं दिवास्वप्न पुन्हा बघा. त्यात मेलेला मी असतो, पण शिक्षा कुणाला होत असते?

अ‍ॅनी राइश या मनोविश्लेषक बाईंनी १९६० साली अशा माणसांच्या स्वमूल्याच्या हेलकाव्यांवर लिहिलं. त्यांच्याकडे मधल्या पायऱ्या नसतात, हे त्यांनी नेमकं पकडलं. एक तर सर्वशक्तिमान, नाही तर रसातळाला.

आपले अनुभव, वाचन जरूर लिहा. फक्त कुणाची ओळख पटेल असं काही नको.

रानमेवा

वाचतेय. चपलांचा ढीग वाचून काटा आला अंगावर.

पाचोळा

निशिगंधाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला हे निदान मिळालेलं आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

थेरपी सुरू झाल्यावर मांडे मी लगेच सांगून टाकले. ते सांगताना कॉलर ताठच होते. माझी कंपनी, माझी मुलाखत, मुलाखत घेणारी बाई प्रश्न विसरून ऐकत राहते वगैरे. सुतक मात्र मी फार उशिरा सांगितलं, कारण ते माझं हक्काचं वाटायचं. कुणी काढून घेईल अशी भीती वाटायची.

त्यात एक यादी होती. कोण किती रडतंय याची. ही यादी रोज बदलायची. ज्याने त्या दिवशी ढुंकून पाहिलं नाही, तो सगळ्यांत जास्त रडायचा. ज्याने कौतुक केलं त्याला त्या रात्री यादीत जागाच नसायची, कारण त्याच्याकडून वसुली झालेली असायची. लोकलच्या दारात उभं राहून मी हे हिशेब करायचो, आणि उतरायचं स्टेशन निघून गेलेलं कळायचंही नाही.

थेरपिस्टने एकदाच विचारलं, ‘त्या दिवशी तुमचा मुलगा कुठे असतो?’ त्या चित्रात माझा मुलगा कधीच नव्हता. मी त्याला त्यात घेतलंच नव्हतं. तो असता तर मला मरता आलं नसतं.

आणखी एक. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मजेत असतो. मांडे खाऊन झाल्यावर जी रिकामी संध्याकाळ येते, ती कुणाला दाखवता येत नाही.

रुमाल

पाचोळा, हिंमत लागते हे लिहायला. सलाम.

दगडफूल

धागा चांगला आहे, पण मला दुसऱ्या बाजूने लिहायलाच हवं. माझे वडील. निदान कधी झालं नाही, कारण डॉक्टरकडे जाणार कोण? म्हणून मी लेबल लावत नाही, जे पाहिलं तेवढं सांगते.

चढ असला की घरात कारखान्याचा नकाशा डायनिंग टेबलवर. आईने तो हलवायचा नाही, जेवणं खाली जमिनीवर. आम्हा दोघी बहिणींना त्यात पदं वाटलेली. ‘तू अकाउंट्स बघशील.’ मी सातवीत होते. आणि बँकेचा माणूस नकार देऊन गेला, की भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि एकच वाक्य: ‘मी गेल्यावर कळेल तुम्हाला.’ आई रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे का बघायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आया बघतात.

त्यांचं सुतक आम्ही ते जिवंत असतानाच पाळत आलो. त्यामुळे ‘दोन्ही स्वप्नांमागे बिचारा दुखावलेला माणूस आहे’ असं कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: त्याची किंमत घरात कोण मोजतंय? समजून घेण्याचं काम नेहमी आई आणि मुलींवर का येतं?

निशिगंधा

दगडफूल, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. समजून घेणं हे काम थेरपिस्टचं आहे. त्यासाठी त्याला प्रशिक्षण असतं, फी मिळते, आणि तास संपला की दार बंद करता येतं. सातवीतल्या मुलीला यांतलं काहीच नसतं. मी लिहितेय ते उपचाराच्या खोलीबद्दल. घरच्यांनी ते दिवास्वप्न सांभाळत बसावं, असं मी कधीच म्हणणार नाही.

उलट, तुमच्या वडिलांचं वाक्य माझा मुद्दा पक्का करतं. ‘मी गेल्यावर कळेल’ हे वाक्य दुःखाचं वाटतं, पण त्यात हुकूम आहे. कारखान्याच्या नकाशात तुम्हाला पदं दिली होती, या वाक्यातही दिली आहेत. तेव्हा अकाउंट्स, आता रडणं.

मुक्कामपोस्ट

एक शंका. चढ, मग उतार, मग पुन्हा चढ. हे बायपोलर नाही का? माझ्या मावसभावाला बायपोलर आहे आणि वर्णन बरंच जुळतं.

काळी_मात्रा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, उत्तर देतो. गल्लत नेहमी होते, आमच्याकडूनही.

हायपोमेनिया, म्हणजे बायपोलरमधला सौम्य चढ, म्हणायला डीएसएमनुसार किमान चार दिवस सलग बदललेला मूड लागतो, मेनियाला, म्हणजे तीव्र चढाला, आठवडा. झोपेची गरजच कमी होते. माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो. बोलण्याचा वेग, विचारांचा वेग, पैशाची उधळपट्टी, सगळं एकदम बदलतं, आणि बऱ्याचदा त्यासाठी बाहेर काही घडावंही लागत नाही. आत्मप्रीतीच्या विकारात चढउतार प्रसंगाला बांधलेला असतो. सकाळी कौतुकाचा फोन आला, चढला. दुपारी कुणी नमस्कार केला नाही, उतरला. संध्याकाळी पुन्हा चढला. झोप तशीच, वेग तसाच, फक्त स्वतःची किंमत खालीवर होतेय.

दोन्ही विकार एकाच माणसाला असू शकतात, म्हणून घरबसल्या ठरवू नका. आणि औषधांबद्दल स्पष्ट सांगतो: बायपोलरवर औषधं आहेत आणि ती घ्यायलाच हवीत. आत्मप्रीतीच्या विकारासाठी म्हणून कोणतंही मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत डिप्रेशन असेल तर त्याचं औषध देतो, पण मुख्य उपचार बोलण्याचाच.

निशिगंधा यांच्या ‘डिप्रेशनच्या खात्यात जमा होतं’ याला माझं अनुमोदन. ओपीडीत माणूस उतारावर असतानाच येतो. चढावर असताना कोण येतं? आम्हाला अर्धाच माणूस दिसतो आणि त्या अर्ध्याचं निदान होतं.

रानमेवा

पण दिवास्वप्नं कोण बघत नाही? मी कुकरच्या शिट्ट्या मोजताना मनात भाषण ठोकत असते. मग रेषा नेमकी कुठे ओढायची?

बोरू

रानमेवा, यावर दोन चांगले धागेदोरे आहेत.

गाब्रिएल ओटिंगन ही मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं गोड कल्पनांवर काम करतेय. तिच्या आणि डोरिस मायर यांच्या २००२ च्या अभ्यासात पदवीधर तरुण होते, नोकरी शोधणारे. ज्यांच्या मनात यशाची गोड चित्रं वारंवार यायची, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. ‘मला जमेल’ असा अनुभवावर आधारलेला अंदाज ज्यांचा होता, त्यांचं मात्र उलट. म्हणजे आशा वेगळी आणि मनातल्या मनात फळ चाखून मोकळं होणं वेगळं. ही साधी निरोगी माणसं होती, लक्षात घ्या.

दुसरं टोक म्हणजे इस्राएलच्या हैफामधले एली सोमर. त्यांनी २००२ साली सहा रुग्णांच्या मुलाखतींवरून अशा दिवास्वप्नांचं वर्णन केलं, जी तासन्‌तास चालतात आणि नोकरी, नाती गिळतात. पण त्यातले सगळे आत्मप्रीतीवाले नसतात. कित्येकांच्या स्वप्नात ते स्वतः नसतातही, एखादं काल्पनिक कुटुंबच असतं.

तेव्हा किती वेळ बघता हा एक प्रश्न, आणि ते कशासाठी बघता हा दुसरा. तुमचं भाषण शिट्टी झाली की संपतं आणि तुम्ही वरण फोडणीला टाकता. ते न दिल्यामुळे तुमची स्वतःबद्दलची किंमत घसरत नाही.

निशिगंधा

बोरू, ‘कशासाठी’ हाच कळीचा प्रश्न. एक जोड देते. २००९ साली आरॉन पिंकस आणि सहकाऱ्यांनी या विकारासाठी ५२ विधानांची एक प्रश्नावली केली. तिच्यात सात उपविभाग आहेत. पोकळ मोठेपणाच्या कल्पना हा एक स्वतंत्र विभाग आहे, आणि शेजारीच स्वतःला लपवणं, स्वतःची किंमत दुसऱ्याच्या दादेवर ठरणं हेही विभाग आहेत. डीएसएमपेक्षा हे चित्र कितीतरी भरीव. आतला कमकुवत भाग त्यात दिसतो. पण तिथेही सुतकाच्या कल्पनेला स्वतःचा विभाग नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

शंखपुष्पी

या विषयावर बोलायचं तर मनोविश्लेषक कोहुट आणि त्याचा रुग्ण ‘मिस्टर झेड’ यांना टाळता येणार नाही. थोडं सविस्तर लिहिते, कारण ही केस मला अजूनही अस्वस्थ करते.

हाइन्झ कोहुट, जन्म १९१३, व्हिएन्ना. नाझींमुळे देश सोडावा लागला, शिकागोत स्थिरावला. १९७९ साली त्याने एकाच रुग्णाच्या दोन मनोविश्लेषणांवर निबंध छापला. रुग्ण पंचविशीतला विद्यार्थी, विधवा आईसोबत राहणारा, एकुलता एक. तळहातांना घाम, छातीत धडधड, माणसांत मिसळता येत नाही. तो साडेतीन वर्षांचा असताना वडील आजारी पडून दवाखान्यात राहिले, तिथल्या नर्सच्या प्रेमात पडले आणि घर सोडून गेले. परत आले तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

आता त्याची दिवास्वप्नं ऐका. त्यात तो राजा नाही. तो गुलाम आहे. बायका त्याला गुरासारखा विकत घेतात, विकतात, राबवतात. हा माणूस विश्लेषकासमोर मात्र हक्काने, रुबाबात वागायचा, मनासारखं झालं नाही की भडकायचा. बाहेर मांडे, आत सुतक. एकाच वेळी.

पहिल्या विश्लेषणात कोहुटने पुस्तकाप्रमाणे अर्थ लावला: लाडावलेला मुलगा, आई फक्त माझी हा हट्ट, आणि त्याखाली बापाच्या धाकाची भीती. रुग्ण बराही झाल्यासारखा वाटला, आईपासून वेगळा राहू लागला. काही वर्षांनी तो परत आला. जगण्यात रस नाही, काम म्हणजे ओझं. दुसऱ्या वेळी कोहुटला आई दिसली, जी आधी दिसली नव्हती. मुलाच्या शरीराची, पुढे त्याच्या त्वचेवरच्या डागांची बारीक तपासणी करणारी, त्याला स्वतःचा म्हणून कोपरा न देणारी. त्या घरात मुलगा म्हणजे आईची वस्तूच होता. मग गुलामीचं दिवास्वप्न वेगळंच दिसायला लागलं. आतून बधिर, उदास झालेला मुलगा काहीतरी जाणवावं म्हणून ते बघत होता.

पहिल्या विश्लेषणातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाचा संताप एके दिवशी अचानक निवळला. का, तर कोहुटने अर्थ सांगण्याआधी एवढंच म्हटलं होतं, की आपल्याला जे मिळायलाच हवं असं वाटतं ते मिळालं नाही, तर दुखतंच.

हा मिस्टर झेड म्हणजे खुद्द कोहुटच होता, असं त्याच्या चरित्रकाराचं आणि अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे पहिलं विश्लेषण त्याचं स्वतःचं आणि दुसरं त्याने आपलं आपणच केलेलं. मला हे कळल्यावर निबंध खोटा वाटला नाही. दुसऱ्याच्या नावाने का होईना, त्याने ते सुतक सांगितलं.

काळी_मात्रा

सुंदर लिहिलंत. पण कर्नबर्गची बाजूही यायला हवी. ऑटो कर्नबर्ग, हाही मनोविश्लेषक आणि व्हिएन्नाचाच, १९२८ चा. कुटुंब चिलीत पळून गेलं, पुढे तो अमेरिकेत. १९७५ च्या पुस्तकात त्याची मांडणी कोहुटच्या विरुद्ध आहे. वाढ अडलेलं मूल वगैरे नाही, तर प्रत्यक्षातला मी, हवाहवासा मी आणि आदर्श आई-बाप हे तिन्ही एकात वितळवून केलेला एक फुगीर ‘मी’. त्याच्या बुडाशी हेवा आणि राग. दुसऱ्याकडे काहीतरी चांगलं आहे, हेच सहन होत नाही. त्यामुळे त्याच्या मते थेरपिस्टने तो राग नावानिशी समोर ठेवायला हवा, नुसतं ‘दुखतंच’ म्हणून भागत नाही.

माझ्या अनुभवात पाचोळांची रडणाऱ्यांची यादी कर्नबर्गला दाखवली असती तर तो म्हणाला असता, बघा, केवढा राग आहे. आणि कोहुट म्हणाला असता, बघा, कुणीतरी बघावं म्हणून केवढी तहान. दगडफूल यांच्या घरात कर्नबर्गचा हात धरावा लागेल.

निशिगंधा

मी क्रमाच्या बाजूने आहे. आधी दिवास्वप्न पूर्ण, तपशिलासकट सांगू द्यायचं. कोण येतं, कुठे उभं राहतं, कोण येत नाही. मांडे फोडायची घाई केली की माणूस लाजेने सुतकात शिरतो, आणि सुतकाची कीव केली की पुन्हा मांडे सुरू. तपशील बोलला गेला की मग राग आपोआप टेबलावर येतो. पाचोळांच्या थेरपिस्टने एकच प्रश्न विचारला, मुलाचा. तो प्रश्न पहिल्या महिन्यात विचारला असता तर बहुधा पुढची अपॉइंटमेंट झालीच नसती.

एक_वाटसरू

माझा एक मित्र सारखं ‘मी नसलो की बघा’ म्हणतो. धागा वाचून वाटलं, हे त्याचं दिवास्वप्न असेल, मनावर घेऊ नये. बरोबर?

काळी_मात्रा

नाही. कृपा करून असा अर्थ काढू नका. या विकारात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि तो कधी कधी डिप्रेशनची नेहमीची लक्षणं न दिसता, एखाद्या मानहानीनंतर अचानक येतो. नोकरी जाणं, बदनामी, घटस्फोटाची नोटीस. त्याला एकांतात सरळ विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

एक_वाटसरू

आज रात्रीच जातो त्याच्याकडे. धन्यवाद डॉक्टर.

बोरू

अवांतर नाही म्हणून लिहितो. कि. मो. फडक्यांमुळे अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. एलिसचं म्हणणं, माणसाने स्वतःला गुण देणंच बंद करावं. कृतीला द्या, माणसाला नको. प्रेझेंटेशन पडलं, ‘मी’ पडलो नाही. या धाग्यातल्या दोन्ही दिवास्वप्नांत माणूस अख्ख्या स्वतःला मार्क देतोय, शंभर नाही तर शून्य. मला वाटतं इथे ही पद्धत उपयोगी पडावी.

पाचोळा

बोरू, पडते, पण उशिरा. सुरुवातीला ‘स्वतःला गुण देऊ नका’ हे ऐकल्यावर मी सगळ्या गटात हे सर्वांत चांगलं जमणारा माणूस व्हायच्या मागे लागलो होतो.

दगडफूल

पाचोळा, रागावू नका, पण विचारतेच. तुमच्या घरच्यांनी काय केलं तेव्हा फरक पडला? आईला सांगायला काहीतरी हवंय.

पाचोळा

रागावत नाही. बायकोने दोन गोष्टी केल्या. एक, ‘मी गेल्यावर’ हे वाक्य आलं की ती रडायची किंवा समजूत काढायची बंद झाली. डॉक्टर म्हणतात तसं सरळ विचारायची, ‘जीव द्यायचा विचार आहे का? असेल तर आत्ता निघू.’ नसेल तर म्हणायची, ‘मग हे शनिवारी थेरपीत सांग, मला ऐकायचं नाही.’ पहिल्यांदा मला प्रचंड राग आला होता, हेही आईंना सांगा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

दोन, छोट्या गोष्टींना छोटंच म्हणायला लागली. मी भाजी आणली तर ‘मेथी चांगली निघाली’ एवढंच. पूर्वी घरात शांतता राहावी म्हणून ती माझं भरमसाट कौतुक करायची, ते थांबवलं. मला ते मेथीचं वाक्य कित्येक दिवस अपमानच वाटायचा. आता वाटत नाही.

आणि तुमची आई रात्री उठून श्वास बघायची म्हणालात. अजूनही बघत असतील, तर वडिलांच्या आधी त्यांनाच कुणाकडे तरी न्या.